मानेचा हिसका आणि दोन संशयित

आगगाडीच्या अपघातातून वाचलेले उतारू, अंगावर साधा ओरखडा नसतानाही, मान आणि पाठ धरून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतात, हे पाहून लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली या व्याधीवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. आणि ज्या दुखण्याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा नाही त्याची नुकसानभरपाई द्यावी की नाही, हा वाद तेव्हापासून कोर्टकचेऱ्यांत मुक्काम ठोकून बसला. रेल्वे कंपनीच्या चाकरीतील शल्यवैद्य हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये या दुखण्याचे मूळ मणक्यांत नसून बहुतांशी भयात आहे, असे प्रतिपादन केले. धन्याच्या तिजोरीला ते मानवलेच असणार.

मोटारी आल्या आणि हीच फिर्याद रुळांवरून सडकेवर उतरली. उभ्या मोटारीला मागून धडक बसली, की धड आसनासह पुढे जाते, शिर जडत्वाने क्षणभर मागेच राहते आणि मग पुढे झेपावते. या दुहेरी हिसक्याने मानेचे सांधे व अस्थिबंध ताणले जातात, पण क्ष-किरणांच्या चित्रात बहुधा काहीच उमटत नाही. अमेरिकन डॉक्टर हॅरल्ड क्रो यांनी १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्याला आसुडाच्या फटकाऱ्याची उपमा दिली. ‘व्हिपलॅश’ हे नाव रूढ झाले ते असे. गतीच्या वर्णनाला लोकांनी रोगाचे नाव मानले, याची खंत पुढे खुद्द क्रो यांनाच वाटली.

असे दुखणे सांगणारा रोगी हा पहिला संशयित. दुसरा संशयित अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्टचा. तेथे चुंबकीय उपचार करणारे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ च्या सप्टेंबरात हार्वी लिलार्ड या बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबून जागेवर बसविला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामरांचा दावा होता. श्रवणाचा मज्जातंतू पाठीतून जातच नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप बिनतोड खरा. तरीही हाताने मणके बसविण्याच्या या विद्येची, ‘कायरोप्रॅक्टिक’ची, शाळा निघाली. १९०६ मध्ये परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल झालेला दंड भरण्याचे नाकारून पामरांनी काही दिवस तुरुंगात काढले, आणि अखेर तो भरला. कॅन्सस राज्याने १९१३ साली या धंद्याला सनद दिली. लुइझियानाला १९७४ उजाडावे लागले.

ज्याच्या दुखण्यावर विमा कंपनीचा विश्वास नाही तो रोगी, आणि ज्याच्या विद्येवर डॉक्टरांचा विश्वास नाही तो वैद्य, यांची गाठ पडणे मला तरी अपरिहार्य वाटते. ‘चित्रात काही नाही’ असे ऐकून परतलेल्या माणसाची मान कायरोप्रॅक्टरकडे कोणीतरी हातात घेऊन तपासत होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध खास समिती नेमली; तिचा रोख कायरोप्रॅक्टिकवर होता. पण कायरोप्रॅक्टरांनी १९७६ साली गुदरलेल्या खटल्यात, १९८७ मध्ये, निकाल असोसिएशनच्या विरुद्ध गेला. तो व्यापारातील बहिष्काराविषयी होता, उपचाराच्या गुणाविषयी नव्हे, हे विजयोत्सवात पुष्कळांच्या ध्यानी राहिले नाही.

व्हिपलॅशवरील क्वेबेकच्या अभ्यासगटाने १९९५ साली गळपट्टा बांधून दीर्घकाळ पडून राहण्यापेक्षा मान लवकर हलती करण्यावर भर दिला. मात्र मान जोराने पिरगाळल्यावर तिच्यातील धमनीचा आतला पदर फाटल्याच्या, विरळा पण घातक, घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. आणि तो ‘कट्’ आवाज? आपल्याकडे हजामतीनंतर मान मोडून देणाऱ्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला तो ऐकून हाड जागेवर बसल्याचे समाधान लाभते; वस्तुतः तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याचा आवाज असतो.