मलप्रभेच्या वळणावर

अनगोळला माझी मावशी राहते. बेळगाव शहराने हे गाव केव्हाच पोटात घेतले आहे, पण आतल्या गल्ल्यांतून फिरताना जुने गाव अजून भेटते. दारातला पाण्याने भरलेला हौद, तुळस, सकाळी शेजारणीशी मराठीत सुरू झालेले आणि मध्येच कानडीत शिरून पुन्हा मराठीत परत येणारे बोलणे. लहानपणी मे महिन्याची सुट्टी आमची इथेच जायची. यंदा नोव्हेंबरात दोन दिवसांची रजा काढून गेलो, तेव्हा चहाचा कप पुढे करतानाच मावशीने विचारले, "काय रे, पाणी तुमचं समुद्राला जातंय. त्यातलं थोडं इकडं वळवलं तर तुमचं काय बिघडतंय?"

मी सरकारी कारकून. पणजीत ओपाचे पाणी पितो आणि म्हादईच्या बातम्या वर्तमानपत्रात न चुकता वाचतो. तरीही मला चटकन उत्तर देता आले नाही. ज्या पाण्यावरून एवढे रण माजले आहे, ते जिथे जन्म घेते तो घाटमाथा मी चोर्ल्याच्या घाटातून जाता-येता गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मावसभावाला म्हटले, "चल, आज कुठे उतरायचे ते मी सांगतो."

पिरनवाडी, किणये करत जांबोटीकडे निघालो की बेळगावची काळी माती मागे पडते आणि जमिनीचा रंग लाल होत जातो. गोव्याच्या माणसाला इथेच घराची आठवण येते. पुढे डोंगरांचे माथे सपाट होतात. आपण ज्याला सडा म्हणतो तेच हे रूप, पण उंचावरचे आणि गवताने झाकलेले. पावसाळ्यात हिरवेगार असलेले हे गवत नोव्हेंबरात पिवळे पडते आणि वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकून राहते.

जांबोटीजवळच्या हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातच मारुतीचे स्थान आहे. पावसाळ्यात नदी चढली की देव पाण्याखाली जातो आणि ओसरली की पुन्हा दर्शन देतो. तिथून थोडे पुढे, नदी जिथे काळ्या खडकांना वळसा घालून वळते, तिथे आम्ही बसलो. वळणाच्या एका अंगाला गवताचा उतार, दुसऱ्या अंगाला झाडी, मध्ये संथ, स्वच्छ पाणी. पात्र एवढे लहान की पलीकडच्या काठावरच्या गुराख्याशी आवाज न चढवता बोलता यावे. हीच नदी पुढे सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते हे खरे वाटत नाही. वाटेत बदामीच्या चालुक्यांचे ऐहोळे आणि पट्टदकल तिच्याच काठी वसले. पट्टदकलला ती उत्तरेकडे वळते. नदीची उत्तरवाहिनी धार पवित्र मानतात, आणि चालुक्य राजांना राज्याभिषेक होत तो तिथेच. १९८७ साली ती मंदिरे जागतिक वारशाच्या यादीत गेली.

दुपारी कणकुंबीला पोचलो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. सातेरी आणि माउली ही आमच्या गावागावांतली दैवते, म्हणून हात जोडताना परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही. इथून काही किलोमीटरांच्या आत उगम पावणारा कळसा नाला मात्र वेगळी वाट धरतो. तो म्हादईला मिळतो, म्हादई घाट उतरून सत्तरीत येते, पुढे मांडवी होते आणि पणजीला समुद्रात जाते. एकाच ढगाचा पाऊस या माथ्यावर पडतो. थोडा पूर्वेला पडला तर बंगालच्या उपसागरात, थोडा पश्चिमेला पडला तर अरबी समुद्रात. मधला कणा इतका अस्पष्ट आहे की उभ्या माणसाला तो कळतही नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळले असावे असे मला वाटते. सौंदत्तीची रेणुका रोज मलप्रभेवर जाऊन वाळूचा घट करी आणि त्यातून पाणी आणी, अशी कथा आहे. तिचा पुत्र परशुराम. त्याच परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण-गोव्याची भूमी मिळवली, ही दुसरी कथा आपण बालपणापासून ऐकतो. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की आईची नदी घाटाच्या पूर्वेला आणि मुलाची भूमी पश्चिमेला. पुराणाला इतिहास म्हणू नये हे खरे, पण लोकांनी घाटाच्या दोन बाजू एकाच घरातल्या मानल्या, एवढी साक्ष तरी त्यातून मिळते.

इतिहासाची साक्ष हवी असेल तर खानापूर तालुक्यातले हलशी पाहावे. जुने नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे हे महत्त्वाचे ठाणे, आणि पुढे गोव्याच्या कदंबांच्या राज्याचाही घाटावरचा मोठा भाग. बाराव्या शतकातला शिवचित्त परमाडी हा गोव्याचा कदंब राजा सप्तकोटेश्वराचा भक्त होता. आपल्या सोन्याच्या नाण्यांवर तो त्या देवाचा वरप्रसाद मिरवत असे. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ त्याच्याच काळातले. कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायणाचे मंदिर त्याची राणी कमलादेवी हिने बांधवले. (म्हादईचे उगमस्थान असलेले खानापूर तालुक्यातले देगाव वेगळे, नावाने गल्लत होते.) घाटाखाली तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ आपण अभिमानाने दाखवतो, तेही कदंबकाळातलेच. त्या राजवटीत घाट ही सीमा नव्हती, ती राज्याच्या मधली पायरी होती. नंतरच्या काळातही लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाट चढत आणि धान्य घेऊन उतरत.

पायरीची सीमा झाली ती पोर्तुगीजांमुळे. अठराव्या शतकात सत्तरी त्यांच्या ताब्यात गेली आणि घाटमाथ्यावर दोन सत्ता समोरासमोर आल्या. तरी माणसे थांबली नाहीत. १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो म्हादईच्याच खोऱ्यात. पुढे मुक्तिलढ्याच्या काळात गोव्यातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांना बेळगावने आसरा दिला. पीटर आल्वारिस यांच्या नॅशनल काँग्रेस गोवाचे काम बेळगावातूनच चाले. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्त झालो, पण त्याआधी पाच वर्षे, १ नोव्हेंबर १९५६ ला, ज्या बेळगावने आपल्याला जागा दिली ते मराठी माणसाच्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात गेले होते. मावशीच्या घरात ती तारीख आजही काळा दिवस म्हणून पाळतात. आम्ही मुक्तीचा दिवस साजरा करतो तेव्हा हे मनात असावे.

आता पाण्याकडे येतो. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला धरण आहे. खालच्या कोरड्या मुलखाची सगळी आशा त्यावर, आणि ते दरवर्षी भरतेच असे नाही. १९८० साली नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन त्याच मुलखातले. म्हणून कळसा आणि भांडुऱ्याचे पाणी मलप्रभेत वळवायची योजना आली, आणि २००६ साली कर्नाटकाने कणकुंबीत काम सुरू केले. २०१० साली जललवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात या वळवण्यासाठी कर्नाटकाला ३.९० टीएमसी मिळाले, कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. निवाड्याविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत.

संध्याकाळी परतल्यावर मावशीला म्हटले, "मावशे, पाणी समुद्राला जातंय हे खरं, पण ते वाया जात नाही. वाटेत रान आहे, भीमगडचे अभयारण्य आहे, आमचे म्हादईचे अभयारण्य आहे, कुळागरे आहेत. आणि खाली मांडवीत गोडे पाणी कमी झाले की खारे पाणी वर चढते. मग खाजने आणि मासळी दोन्हींवर येते."

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आणि तिकडं नरगुंदात शेत वाळलेल्या बाईला हे कोण सांगणार? तू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. एवढे मात्र कळले की फायलीवर जो आकडा दशांशात लिहिला जातो, तो कणकुंबीत एका लहानशा ओढ्याच्या रूपाने वाहतो. तो ओढा एकदा वळला की परत वळवणे कोणाच्याच हाती राहणार नाही. आपली बाजू मांडावी, न्यायालयात नेटाने मांडावी. पण मांडणाऱ्याने एकदा तरी त्या माथ्यावर जाऊन यावे, आणि पलीकडच्या बाजूला तहान आहे हेही कबूल करावे. घाटाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे राहतात.

निघताना मावशीने कुंद्याचा डबा हातात दिला आणि नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली भरून दिली. राकसकोपचे पाणी. चोर्ल्याचा घाट उतरेपर्यंत ते संपले होते. साखळीला थांबून मी ती बाटली पुन्हा भरून घेतली.