नाटकाबाहेरची आई

युजीन ओनील यांचे 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' हे शोकनाट्य वाचताना कॅथॉलिक वाचकाला विशेष बेचैनी वाटते, कारण त्यातील आई आपल्या ओळखीच्या जगातून आलेली आहे. मेरी टायरोन ही मठाच्या शाळेत वाढलेली मुलगी. धर्मभगिनी व्हावे, नाहीतर निदान पियानोवादक तरी व्हावे, हे तिचे स्वप्न. मदर सुपीरियर तिला काही काळ घरी राहून मनाची पारख करावयास सांगतात आणि नेमकी त्याच काळात तिची एका देखण्या नटाशी गाठ पडते. पुढे १९१२ च्या ऑगस्टमधील एकाच दिवसात नवरा, बायको आणि दोन मुलगे परस्परांना दोष देतात, क्षमा मागतात आणि पुन्हा तेच बोलतात. मध्यरात्री मेरी मॉर्फिनच्या गुंगीत आपला लग्नाचा झगा फरफटत खाली येते, तेव्हा ती पुन्हा शाळकरी मुलगी झालेली असते.

हे घर ओनील यांचे स्वतःचेच होते. वडील जेम्स आयर्लंडमधून आलेल्या दरिद्री कुटुंबातले. शेक्सपिअरच्या नाटकांतील थोर नट होण्याची त्यांची योग्यता होती असे म्हणतात; पण 'मॉन्टे क्रिस्टो'ची लोकप्रिय भूमिका हाती आली, पैसा मिळू लागला आणि तीच भूमिका ते हजारो वेळा करीत राहिले. दारिद्र्याची भीती मात्र श्रीमंतीतही गेली नाही. आपल्याकडेही अशी घरे काही कमी नाहीत.

आई एला हिने इंडियानातील होली क्रॉस भगिनींच्या सेंट मेरीज शाळेत संगीताचे शिक्षण घेतले आणि १८७७ साली जेम्सशी विवाह केला. नवऱ्याच्या दौऱ्यांमुळे संसार हॉटेलांतूनच झाला. १८८५ साली एडमंड हे तान्हे मूल गोवराने दगावले. १८८८ मध्ये युजीनच्या जन्मानंतरच्या वेदनांवर तिला मॉर्फिन देण्यात आले. त्या काळी डॉक्टर ते सहज लिहून देत. अनेक सुशिक्षित, घरंदाज स्त्रिया अशाच व्यसनात सापडल्या. आपल्या जन्मामुळे आईची ही दशा झाली, हे शल्य युजीनच्या मनात कायम राहिले. आईच्या व्यसनाची गोष्ट कुमारवयात कळली आणि त्यानंतर त्याने चर्चकडे पाठ फिरवली. नाटकात त्याने नावांची अदलाबदल केली आहे : मृत बालकाचे नाव युजीन, जिवंत मुलाचे एडमंड.

नाटक मात्र १९१२ च्या त्या रात्रीशीच थांबते. एला थांबली नाही. १९१४ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी, ब्रुकलिनमधील एका मठात भगिनींच्या सहवासात राहून तिने व्यसनावर मात केली, असे चरित्रकार सांगतात. पंचवीस वर्षांहून अधिक काळ जडलेले व्यसन! १९२० मध्ये जेम्स वारले, त्यानंतर मिळकतीचा कारभारही तिने समर्थपणे सांभाळला. १९२२ साली तिचे निधन झाले.

१९३९ ते १९४१ या काळात नाटक लिहिताना ओनील यांना हे सारे ठाऊक होते. तरी त्यांनी ते वगळले. नाटककार म्हणून तो त्यांचा अधिकार. ज्या रात्रीने त्यांना आयुष्यभर सोडले नाही, ती त्यांनी जशीच्या तशी मांडली. परंतु मेरीलाच एला समजणारा वाचक त्या स्त्रीवर अन्याय करतो, असे मला वाटते. मठात जाण्याचे तिचे स्वप्न तरुणपणी हुकले. मठाचे दार तिच्यासाठी उघडले ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, आणि तेही आजारी म्हणून.

आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे हे नाटक प्रसिद्ध करू नये, अशी ओनील यांची इच्छा होती. ते १९५३ साली बोस्टनमध्ये वारले. परंतु पत्नी कार्लोटा यांच्या संमतीने १९५६ च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. १९५७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

न्यू लंडन येथील सेंट मेरीज दफनभूमीत जेम्स, एला, थोरला मुलगा जेमी आणि तान्हा एडमंड एकत्र विसावले आहेत. युजीन यांची कबर मात्र दूर, बोस्टनला आहे.