मध्ये नाका नको: हातातल्या खेळयंत्रांची जोडणी, तारेपासून हॉटस्पॉटपर्यंत

आजचा भाग खेळांबद्दल आहे, पण त्यातला प्रश्न तसा साधा आहे. एकाच बाजेवर दोन माणसं बसलीत, दोघांच्या हातात एकेक यंत्र आहे. त्यांना एकमेकांशी खेळायचं असेल तर मध्ये तिसरा कशाला लागतो?

मी ज्या गावचा आहे त्याच्या नावातच नाका आहे. कनेरगाव नाका, जिल्हा हिंगोली. आमच्याकडून वाशिमच्या दिशेनं निघालात की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. एकेकाळी इकडे निजामाचं हैदराबाद संस्थान होतं आणि तिकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड. संस्थानच्या सरहद्दीवर मालावर जकात लागायची, तिला करोडगिरी म्हणत. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या सोयऱ्यातली, भाषा मराठीच, पण माल न्यायचा तर नाक्यावर थांबायचं. हे चित्र डोक्यात ठेवा. खेळयंत्रांच्या इतिहासात नाके वेगळे आहेत, पण आहेत.

पहिला टप्पा: तार

१९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. त्याच्या बाजूला एक छोटं सॉकेट होतं. दोन गेम बॉय तारेनं जोडले की दोघांना टेट्रिस खेळता यायचं. आत काय व्हायचं ते ऐकण्यासारखं आहे. दोघांपैकी एक यंत्र 'घड्याळ' चालवायचं, सेकंदाला ८१९२ ठोके. प्रत्येक ठोक्याला एक बिट इकडून तिकडे आणि त्याच क्षणी एक बिट तिकडून इकडे. आठ ठोके झाले की एका बाइटची अदलाबदल पूर्ण, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉन आला तो याच तारेच्या जिवावर. एका कार्ट्रिजमध्ये सगळे प्राणी मिळतच नसत, मित्राशी अदलाबदल करावीच लागे.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत होता. आपल्या पिढीच्या हातात होता तो बाजारात मिळणारा ब्रिक गेम, ज्याच्यावर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं. त्याला सॉकेटच नव्हतं. मग आमचा मल्टिप्लेअर म्हणजे एकच नियम: मेलास की दे. यंत्र एक, माणसं चार.

गंमत म्हणजे भारतातलं पहिलं गाजलेलं लिनक्स हँडहेल्डसुद्धा याच विचारातून घडलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले इंजिनिअर यांनी मिळून सिम्प्युटर बनवला, तो २००१ च्या सुमारास जगासमोर आला. २००४ मध्ये त्याचं अमिडा नावाचं मॉडेल बाजारात आलं, ते भारत इलेक्ट्रॉनिक्सनं तयार केलं होतं. आत लिनक्स आणि बाजूला स्मार्ट कार्डाची खाच. कल्पना अशी की यंत्र गावात एकच असेल, प्रत्येकानं आपलं कार्ड घालायचं आणि आपलं काम करायचं. 'एक यंत्र, अनेक माणसं' याचं उत्तर आपल्याकडे फार हुशारीनं शोधलं गेलं. 'अनेक यंत्रं, एक खेळ' हा प्रश्न अजून आपल्या दारात आला नव्हता.

दुसरा टप्पा: हवा

तार काढून टाकण्याचा पहिला लोकप्रिय प्रयोग नोकियाच्या ६११० या फोनमध्ये १९९७ साली झाला. त्यातला स्नेक दोन फोनवर दोघांना खेळता यायचा, इन्फ्रारेडनं. फक्त फोन समोरासमोर धरायचे आणि हात हलवायचा नाही.

खरी मोकळीक रेडिओ लहरींमध्ये होती. २००४ च्या अखेरीला निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी, दोन्ही वायफाय घेऊन आले. दोन्हींमध्ये राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलायची सोय होती. पीएसपीवर तिला 'ॲड हॉक' म्हणत.

पण भारतात हवेवरही नाका होता. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. रेडिओ लहरी सोडायच्या तर सोडाच, नुसतं ऐकायचं यंत्र घरी ठेवायलासुद्धा परवाना लागायचा. आजोबांच्या पिढीला विचारा, पोस्टात दरवर्षी फी भरून रेडिओचं लायसन नवं करून आणावं लागे. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं तो पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, कमाल ४ वॅटची मर्यादा घालून. आज आपण घरात, रानात, एसटीत बिनधास्त हॉटस्पॉट लावतो, त्यामागे राजपत्रातली ही दोन-चार पानं आहेत. सॉफ्टवेअरवाले आम्ही अशा गोष्टी विसरतो. आधी हवा मोकळी झाली, मग कोड चालला.

तिसरा टप्पा: लिनक्स हातात येतं

त्याच २००५ मध्ये दक्षिण कोरियात जीपी२एक्स नावाचं हँडहेल्ड निघालं. आत लिनक्स, कुणीही त्यावर आपला प्रोग्रॅम लिहावा, कंपनीची परवानगी नको. पण वायफाय नव्हतं. मोकळं यंत्र, पण एकटं. २०१० मध्ये हौशी लोकांनी मिळून बनवलेला पँडोरा आला, त्यात वायफाय होतं. २०१३ मध्ये जीसीडब्ल्यू झीरो आला, त्यातही होतं. ही सगळी यंत्रं हजारांत विकली गेली, कोटींत नाही.

कोटींत विकलं गेलेलं लिनक्स हँडहेल्ड वेगळंच होतं. ते तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. आणि २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ मध्ये फोनचाच हॉटस्पॉट करायची सोय आली. अँड्रॉइडनं पीएसपीसारखी ॲड हॉक जोडणी सर्वसामान्यांना कधी दिली नाही, पण हॉटस्पॉटनं ते काम भागवलं. एक फोन राउटर होतो, बाकीच्यांना पत्ते वाटतो. जुन्या अँड्रॉइडवर स्वतःचा पत्ता १९२.१६८.४३.१ ठेवायचा. गेम सगळ्यांना एकदम हाक मारतो, 'कोण कोण आहे रे?', आणि उत्तरं आली की खोली तयार. या सगळ्यात सिमकार्डाचा, टॉवरचा, रिचार्जचा काही संबंध नाही.

माझं इंजिनिअरिंग मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात झालं. हॉस्टेलवर रात्री जेवण झालं की मिनी मिलिशिया सुरू. इंटरनेटवर सहा जण, पण स्थानिक वायफायवर बारा जण खेळू शकायचे. जिओ यायच्या आधीचे दिवस ते. एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरायचा. कॉलेजच्या वायफायवर अर्धे पोर्ट बंद. तरी बारा पोरं एकमेकांवर गोळ्या झाडतायत आणि डेटा खर्च शून्य. ज्याच्या फोनची बॅटरी जास्त, तो हॉटस्पॉट लावणार हा अलिखित करार. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉस्टेलवर त्या वर्षांत राहिलेल्या माणसाला विचारा, तो हसेल. हातातल्या लिनक्स यंत्रांचं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं नेटवर्क होतं, फक्त त्याला कुणी तसं म्हणालं नाही.

चौथा टप्पा: नाका परत येतो

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. शंभर जण एका बेटावर, आणि सगळ्यांच्या मध्ये कंपनीचा सर्व्हर. हे बघा, शंभर अनोळखी माणसांना खेळवायचं तर सर्व्हर लागतोच, त्यात कुणाचा दोष नाही. पण शेजारी बसलेल्या मित्राबरोबर खेळतानाही तुमची गोळी आता आधी सर्व्हरवर जाते आणि मग त्याच्या फोनवर येते. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली. बंदी बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की फोन तोच, गेम फोनमध्ये तसाच, मित्रही शेजारी, आणि तरी खेळता येत नाही.

फक्त सरकारच असं करतं असं नाही. निन्टेन्डोनं डीएसची इंटरनेट सेवा मे २०१४ मध्ये आणि थ्रीडीएसची एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. पण दोन डीएस आजही शेजारी ठेवून थेट जोडले तर चालतात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट काही तास बंद होतं, तेव्हा त्या भागातल्या लोकांनी सर्व्हर म्हणजे काय ते पुस्तक न वाचता समजून घेतलं.

पाचवा टप्पा: तार न पाठवता खेळ पाठवणं

आता गेल्या काही वर्षांतली गोष्ट, आणि इंजिनिअर म्हणून मला ही सगळ्यात आवडते. मियू मिनी प्लस, अँबर्निकची आरजी मालिका, अशी स्वस्त लिनक्स हँडहेल्ड आली. मियू मिनी प्लसमध्ये रॅम १२८ एमबी, म्हणजे आजच्या फोनसमोर काहीच नाही. त्यावर एम्युलेटर चालतो आणि गेम बॉयचे खेळ चालतात. पण ती १९८९ ची तार? ती वायफायवर कशी आणायची?

सरळ उपाय म्हणजे बिट जसेच्या तसे वायफायवरून पाठवायचे. अडचण वेळेची आहे. तारेवर बाइट एका मिलिसेकंदात जातो-येतो. वायफायवर त्याच कामाला कधी तीन मिलिसेकंद, कधी तीस, आणि यंत्रानं बॅटरी वाचवायला रेडिओ झोपवला असेल तर त्याहून जास्त. जुन्या गेमला हे ठाऊकच नाही. तो वाट बघतो आणि 'तार सुटली' म्हणून मोकळा होतो.

मग लोकांनी प्रश्नच उलटा केला. टीजीबी ड्युअल नावाच्या एम्युलेटरमध्ये एकाच यंत्रात दोन गेम बॉय चालतात आणि त्यांच्यामधली तारही आतच असते. आता दोन हँडहेल्ड घ्या. दोन्हींमध्ये दोन-दोन गेम बॉय चालू द्या. हवेतून पाठवायचं काय, तर फक्त कुणी कुठलं बटण दाबलं एवढंच. सुरुवात सारखी, बटणं सारखी, तर निकालही दोन्हीकडे सारखाच. तार पाठवायची गरजच उरली नाही.

बटणाची बातमी उशिरा आली तर? रेट्रोआर्कमधली नेटप्ले सोय अंदाज बांधून पुढे जाते: मघाशी दाबलेलं बटण अजून दाबलेलंच असेल. खरी बातमी वेगळी निघाली तर जतन केलेल्या जागी मागे जाऊन ते क्षण पुन्हा चालवते, इतक्या झपाट्यानं की डोळ्याला कळत नाही. म्हणूनच दोन्ही यंत्रांवर गेमची फाइल आणि एम्युलेटरची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. जोडणी होते पण खेळ फाटतो अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

मियू मिनीसाठी स्वयंसेवकांनी बनवलेल्या ओनियन प्रणालीत आता हे सगळं दोन-चार बटणांवर आलंय. एक यंत्र हॉटस्पॉट होतं, दुसरं त्याला शोधून जोडून घेतं. मागच्या दिवाळीत गावी माझ्या दोन चुलत भावंडांनी असंच केलं. घरात आतल्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, त्यांना ती लागलीही नाही. वय अकरा आणि तेरा. आयपी ॲड्रेस म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

हॉटस्पॉटवरची ही मॅच आपल्या हॉस्टेलच्या मॅचचीच पुढची पिढी आहे. फरक एक. मिनी मिलिशिया कंपनीच्या मर्जीवर होता. हा कोड उघडा आहे. लिहिणारे उद्या कंटाळले तरी तो उतरवून घेऊन कुणीही पुढे चालवू शकतं, हिंगोलीत बसूनसुद्धा.

सर्व्हरवाले खेळ वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मीही खेळतो. पण नवा गेम किंवा नवं यंत्र घेताना एक प्रश्न विचारा: इंटरनेट बंद केलं तर शेजारच्या माणसाशी हे जोडतं का? आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः ॲप बनवत असाल, खेळाचं असो की शाळेचं की दवाखान्याचं, तर ही वाट मोकळी ठेवा. आपल्याकडे दोन माणसं शेजारी असणं नेहमीचं आहे, टॉवर असणं नाही.

तुमच्या हॉस्टेलवर हॉटस्पॉट कोण लावायचं आणि कुठला गेम चालायचा, ते मला जरूर कळवा. आलेली उत्तरं पुढच्या भागात वाचू. तोपर्यंत, रामराम.