पायरी ओळखून वागा, म्हणजे नेमके काय?

पायरी म्हणजे पाय ठेवून पुढे जाण्याची जागा. तिच्यावर मुक्काम करण्यासाठी कोणी ती बांधत नाही. पण "पायरी ओळखून वाग", "पायरीने राहा" असे आपल्याला बजावले जाते, तेव्हा अर्थ उलटा होतो: आहेस तिथेच थांब. चढण्याचे साधन अडकवून ठेवण्याचे साधन कसे झाले? याचे उत्तर जातिव्यवस्थेत आहे.

३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. अशा इमारतीत 'पायरी' हा शब्द उरतो तो फक्त धमकी म्हणून.

पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे वारकरी परंपरा सांगते. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. नामदेवांनी पायरी स्वतः निवडली. चोखोबांना मात्र तिच्या पलीकडे जाऊच दिले नाही. पहिल्याला नम्रता म्हणतात, दुसऱ्याला गुलामी. कीर्तनांतून पहिली गोष्ट सांगितली जाते. दुसरी आपणच सांगायला हवी. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्याला बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यात उतरले, पाणी प्यायले. सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि डिसेंबरात कोर्टातून मनाईहुकूम आणला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" म्हणणाऱ्या समाजातले हे शहाणे, आपला हक्क रोखायचा म्हटल्यावर बिनदिक्कत ती पायरी चढले!

बाबासाहेबांनीही माघार घेतली नाही. जवळपास दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून आहे, हा दावा सिद्ध झाला नाही.

म्हणून मित्रांनो, कॉलेजात, कचेरीत, गावच्या चावडीवर कोणी पायरीची आठवण करून दिली, तर मान खाली घालू नका. ती पायरी कोणी ठरवली आणि कोणत्या कायद्याने, एवढे विचारा. संविधानात तशी पायरी नाही.

जय भीम!