नकाशाचे विज्ञान कसे झाले?

भारताच्या किनाऱ्याची लांबी किती? ७,५१६ किलोमीटर हे उत्तर आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. हा आकडा १९७० च्या दशकातला. अलीकडच्या फेरमोजणीत हीच लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. समुद्र काही एवढा हटलेला नाही. मुख्य फरक पडला तो नकाशाच्या प्रमाणाचा. बृहत्प्रमाण नकाशात खाड्यांची आणि खडकांची बारीक वळणेही मोजली जातात. मग खरी लांबी कोणती? असे प्रश्न विचारणारा विषय म्हणजे भौगोलिक माहितीशास्त्र. विद्यापीठांत तो कसा आला, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ झाला एका सरकारी गरजेतून. १९६० च्या दशकात कॅनडाला आपल्या जमिनीची मोजदाद करायची होती. माती, जंगल, शेती यांचे हजारो नकाशे एकावर एक ठेवून हाताने क्षेत्रफळे काढायची, तर माणसे आणि पैसा दोन्ही अपुरे. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने हे काम संगणकाकडे सोपवायचे सुचवले. त्यातून जगातली पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली.

दुसरा धागा हार्वर्ड विद्यापीठाचा. याच विद्यापीठाने १९४८ साली भूगोलाचे शिक्षण बंद करायचे ठरवले होते. पण १९६५ मध्ये तेथेच हॉवर्ड फिशर या वास्तुरचनाकाराने संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा काढली. तिची ‘सिमॅप’ ही आज्ञावली छपाईयंत्रावरची अक्षरे एकमेकांवर छापून नकाशात गडद-फिकट छटा आणत असे. भारतात १९६६ साली डेहराडूनला हवाई छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था सुरू झाली. हीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था.

पुढे संगणक स्वस्त झाले, मागणी वाढली. पण शिकवायचे काय, हे ठरलेले नव्हते. १९८८ मध्ये अमेरिकेत सांता बार्बरा, बफेलो आणि मेन येथील विद्यापीठांचे संयुक्त राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याने १९९० मध्ये ७५ पाठांचा अभ्यासक्रम तयार केला. अनेक देशांतल्या शिक्षकांना त्याचा आधार मिळाला.

तरी एक शंका उरलीच. हे विज्ञान आहे, की नुसते हत्यार चालवण्याचे कसब? मायकेल गुडचाइल्ड यांनी १९९२ च्या लेखात उत्तर दिले : हत्यारामागे मूलभूत प्रश्न आहेत. मोजणीतली चूक पुढच्या गणितात कशी वाढत जाते? प्रमाण बदलले की निष्कर्ष का बदलतात? जंगलाची कड नेमकी कोठे संपते? त्यांनी सुचवलेले ‘भौगोलिक माहितीविज्ञान’ हे नाव रुजले. या विषयाच्या प्रमुख नियतकालिकानेही १९९७ मध्ये आपल्या नावातला ‘प्रणाली’ हा शब्द काढून ‘विज्ञान’ हा शब्द घेतला.

हा वाद आपल्या वर्गापर्यंत येऊन पोचतो. कळ दाबून रंगीत नकाशा आज कोणालाही काढता येतो, आणि तो सुबक दिसला की खराही वाटतो. म्हणून एक सोपा प्रयोग करावा. शालेय नकाशासंग्रहातला आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशातला कोकण किनारा मुलांना दोऱ्याने मोजायला सांगावा आणि प्रमाणानुसार किलोमीटर काढायला लावावेत. उत्तरे जुळणार नाहीत. कोणाचे चुकले, असे मुले विचारतील. उत्तर लगेच देऊ नये. मोजताना कोणता नकाशा वापरला, हे आधी लिहायला सांगावे.