मृगातला नांगर आणि फाळाचे लोखंड

वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची दगडी मंदिरे साधारणपणे नवव्या ते बाराव्या शतकांतील मानतात. त्याच काळात, ४ जुलै १०५४ रोजी, चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एका ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद केली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसला. जुलैत मार्कंड्याला ऐन पावसाळा. पण रात्री तो १०५६ पर्यंत दिसत होता. हिवाळ्यातील निरभ्र आकाशात तो येथूनही दिसण्याजोगा होता.

वास्तविक तो एका जुन्या ताऱ्याचा अंत होता. ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम बनतो. सूर्यासारखा तारा पुढे फुगून तांबडा होतो. शेवटी श्वेतबटू उरतो. सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्यात मात्र ही मजल लोहापर्यंत जाते. लोहाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. मग गाभा कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो.

मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी घडतात, हे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉइल यांनी सविस्तर मांडले. जड ताऱ्यांच्या आणि काही श्वेतबटूंच्या स्फोटांतून लोह अवकाशात विखुरते. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी ज्या ढगातून सूर्यमाला घडली, त्यात ते होते. गडचिरोलीतील सुरजागडच्या खनिजात आहे ते हेच लोह.

विदर्भातील गोंड लोक मृगाच्या ताऱ्यांत नांगर पाहतात. नांगराच्या फाळाचे लोखंड ताऱ्यांतच घडले आहे. मृगातील तांबडा काक्षी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवा. त्याचाही शेवट असाच स्फोटात होणार आहे.