‘मुंबईला नेलंय’ म्हणजे काय?

आपल्या रत्नागिरीत कोणाला कॅन्सर झाला की शेजाऱ्यांना सांगतात, ‘मुंबईला नेलंय.’ पुढे कोणी विचारायचं नाही. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, पण आपली ही लपवाछपवी काही गेली नाही. घरात लग्नाची मुलं असतात, हे मला कळतं. तरी किडनीच्या कॅन्सरचा इतिहास वाचल्यावर हे लिहावंसं वाटलं.

१९०४ मध्ये फोन हिपेल या जर्मन डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींची नोंद केली. १९२६ मध्ये स्वीडनच्या लिंडाव यांनी त्यांचा संबंध मेंदूतल्या आणि पोटातल्या गाठींशी जोडला. हा आजार घराण्यात चालतो आणि त्यात किडनीचा कॅन्सरही होतो, हे पुढे स्पष्ट झालं. अशा कुटुंबांनी रक्त दिलं, माहिती दिली, म्हणून १९९३ मध्ये अमेरिकेत त्यामागचं जनुक सापडलं. दोघांच्या नावावरून त्याला ‘व्हीएचएल’ म्हणतात.

हे जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक. एचआयएफ नावाचं प्रथिन प्राणवायू कमी पडला की नव्या रक्तवाहिन्या मागवतं. प्राणवायू पुरेसा असेल तर व्हीएचएल त्याची विल्हेवाट लावतं. ब्रेक निकामी झाला की रक्तवाहिन्या वाढतच जातात आणि गाठ पोसली जाते. पेशी प्राणवायू कसा ओळखते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. एचआयएफला रोखणारं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही गेल्या की धोका. बहुतेक रुग्णांत त्या आयुष्यात कधीतरी बिघडतात, त्यात आनुवंशिकता नसते. काही घरांत मात्र मूल एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतं. आई किंवा वडिलांकडे ती असेल तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. शेजारचं ‘बॅप-१’ हे जनुकही गेलं, तर आजार जास्त आक्रमक होतो.

सरकारी तपासणी मोहिमेचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर आहे. किडनीचं आपणच बोलायला हवं. कमी वयात, दोन्ही किडन्यांत किंवा एकाच घरात दोघांना हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नियमित तपासणीत गाठ लहान असताना सापडली, तर बऱ्याचदा किडनी वाचते.

गावाला चार शब्द कमी सांगा, चालेल. पण आजोबा कशाने गेले, हे नातवाला माहीत असू दे.